सीआरआर की सीआरव्ही : एका शेव्हेलच्या नोंदी

१६ मार्च २०२४, शनिवार

सकाळी साडेसातला काकांचा फोन. "उठलास का? गाडी बाहेर काढलीय." मिशिगनचा मार्च, गवतावर पांढरं दव गोठलेलं. पण काकांच्या लेखी थंडी लागते ती फक्त बॅटरीला.

गाडी १९७० ची, शेवरोले कंपनीची शेव्हेल एसएस ४५४ (म्हणजे ४५४ घनइंचांचं इंजिन), लाल, बॉनेटवर दोन काळे पट्टे. काका १९७२ साली शिकायला आले आणि १९७८ मध्ये अकराशे डॉलरना ही घेतली. पेट्रोल महागल्यावर मोठ्या इंजिनाच्या गाड्या लोक कवडीमोलाने काढत होते, त्या काळातली खरेदी. आता गाडी मुलीच्या नावावर करायचीय, आणि ठरलेल्या किमतीचा विमा देणारे कागद मागतायत. कागद म्हणून माझ्याकडे आले. गेली चार वर्षं मी आसपासच्या जुन्या गाड्यांची इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी तपासून लिहून ठेवतो, हे मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

काकांचा दावा: इंजिन एलएस-६, म्हणजे ४५० हॉर्सपॉवरवालं, गिअरबॉक्स एम-२२, म्हणजे 'रॉक क्रशर'. पुरावा दिवाणखान्यात, गणपती आणि लेकीच्या पदवीदानाचा फोटो यांच्या मधोमध, काचेच्या फ्रेममध्ये. कारखान्याची बिल्ड शीट. १९९३ मध्ये पेट्रोलची टाकी गळायला लागली, ती खाली उतरवली तेव्हा टाकीच्या डोक्यावर चिकटलेली सापडली. शेव्हेलची शीट बरेचदा तिथेच मिळते. ही जुळणीच्या रांगेतल्या कामगारांसाठीची यादी. काम झालं की तिची कुणाला गरज नव्हती.

काचेवर उजेड चमकत होता, तरी फोटो काढले. काकूंनी पोहे दिले.

नियम नेहमीचाच: वहीच्या डाव्या पानावर मालक काय सांगतो ते, उजव्या पानावर मी काय पाहिलं ते. डावं पान आजच भरलं.

१७ मार्च

उजवं पान. काचेखालच्या पट्टीवरचा नंबर १३६३७० ने सुरू होतो. १ म्हणजे शेवरोले, ३६ म्हणजे व्ही-८ मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूप, ० म्हणजे १९७०. मग कारखान्याचं अक्षर आणि अनुक्रमांक. शेवटचा आकडा ७.

इंजिनाबद्दल अवाक्षर नाही. पोरांना शाळेत सोडणाऱ्या साध्या ३०७ घनइंची मालिबूचे पहिले सहा आकडेही हेच. १९७० मध्ये एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, घेतलं तर मिळणारं पॅकेज होतं: ४५४ साठी झेड-१५, ३९६ साठी झेड-२५. शेवरोलेने नंबरात इंजिनाचं अक्षर घातलं ते १९७२ पासून. म्हणून नकली एसएस करणाऱ्यांचं फावतं. क्रायस्लरवाले या बाबतीत सरळ: १९७० च्या बाराकुडाच्या नंबरात पाचवं अक्षर आर असेल तर ती ४२६ घनइंची हेमी इंजिनाची म्हणूनच जन्मली, विषय संपला.

फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीवरच्या) पत्र्याच्या पट्टीवर ०४ए. सांगाडा बांधला तो एप्रिलचा पहिला आठवडा.

२३ मार्च

आज इंजिनावरचा शिक्का. मोठ्या ब्लॉकच्या इंजिनात तो उजव्या बाजूला, हेडच्या पुढे, बोटभर रुंदीच्या सपाट जागेवर असतो. अल्टरनेटर सैल करून बाजूला घेतला. काका तारेचा ब्रश घेऊन तयारच होते. तो आधी त्यांच्या हातातून काढून घेतला. थिनर, जुन्या बनियनची चिंधी आणि प्लास्टिकची पट्टी, एवढ्यावरच हे काम करायचं. चाळीस मिनिटं लागली.

टी०३१६सीआरआर. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०३१६ म्हणजे १६ मार्च. शेजारी गाडीच्या नंबराचा शेपटाकडचा भाग, शेवटी ७. जुळतो.

अक्षरांपेक्षा मला पृष्ठभाग पाहायचा होता. टॉर्च आडवी धरली की या सपाट जागेवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात; ब्लॉकचा माथा कारखान्यात ब्रोचिंगने कापला त्याच्या त्या खुणा. नंतर कुणी जुना शिक्का घासून नवा मारला असेल तर या रेघा जातात, किंवा ग्राइंडरचे गोल ओरखडे दिसतात. इथे रेघा अखंड आहेत, आणि अक्षरं त्या रेघांच्या वर ठोकलेली. भिंगातून तीनदा पाहिलं. हा शिक्का अस्सल.

ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९६३५१२. हा दोन्ही ४५४ ना लागतो, ३६० हॉर्सपॉवरच्या एलएस-५ लाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त नको. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तेव्हा हेडवर ३९६४२९१ दिसला. चौकोनी पोर्टचं हेड, हे एलएस-६ चंच. एलएस-५ ला २९० वर संपणारं, अंडाकृती पोर्टचं. सॉलिड लिफ्टर, अॅल्युमिनियमचा इनटेक, वर होलीचा कार्ब्युरेटर. इंजिन खरं आहे. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग? मी काय पंचेचाळीस वर्षं थापा मारत होतो?"

रात्री घरी फोटो पडद्यावर मोठे करून पाहताना मात्र अडकलो. काकांच्या फ्रेममधल्या शीटवर, इंजिनाच्या चौकटीत, सीआरव्ही छापलंय. सीआरव्ही म्हणजे एलएस-६, हाताने गिअर टाकायच्या गाडीसाठी. सीआरआर म्हणजे एलएस-६, ऑटोमॅटिकसाठी.

ब्लॉक एक सांगतोय, कागद दुसरं. काकांना अजून बोललो नाही.

३० मार्च

पाऊस. गाडीकडे गेलो नाही, कागदपत्रं लावली.

एलएस-६ वर्षभरच का मिळाला, हे लेकीसाठीच्या प्रतीत असावं म्हणून लिहून ठेवलं. मधल्या आकाराच्या गाडीत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असं जनरल मोटर्सचं धोरण होतं, ते १९७० साठी उठलं. त्याच वर्षी ब्यूक, ओल्ड्समोबिल, पाँटिअॅक यांनी ४५५ आणलं आणि शेवरोलेने ४५४. म्हणजे ७.४ लिटर, १०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीची जवळपास सात इंजिनं. (काका कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्याजवळ वाढलेले. हे गणित त्यांना फार आवडलं.) १९७१ साठी कमी शिशाच्या पेट्रोलचा विचार करून कंपनीने सगळीकडे कॉम्प्रेशन उतरवलं. एलएस-६ चं ११.२५ होतं. तो शेव्हेलमध्ये पुन्हा आला नाही.

एकूण एलएस-६: ४,४७५. यात किती कूप, किती उघड्या टपाच्या, किती एल कॅमिनो (मागे हौदा असलेली शेव्हेलची बहीण), याची फोड नाही. आमच्या छंदातलं खरं दुखणं हे. फोर्डवाला १९६७ पासूनच्या कुठल्याही मस्टँगचा नंबर केविन मार्टींना पाठवतो. फोर्डच्या उत्पादन नोंदी त्यांच्याकडे आहेत, हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स अशा जोडीच्या किती गाड्या निघाल्या ते आकड्यात परत येतं. पाँटिअॅकवाल्याला पीएचएस या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडून १९६१ पासूनच्या बिलाची नक्कल मिळते. क्रायस्लरची उत्पादन नोंदींची कार्डं १९६७ पर्यंतच उरलीत, पण त्यांच्या गाड्यांवर इंजिन-गिअरबॉक्सचे कोड ठोकलेली पत्र्याची पट्टी असते. शेवरोलेवाल्याच्या हाती टाकीवरचा कागद, तोही उंदरांनी ठेवला तर. गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल तर तिकडच्या जनरल मोटर्सकडून कागद मिळतात. काकांची ओहायोत विकली गेली होती.

दुर्मीळ जोड्या या बहुतेक न खपलेल्या जोड्या असतात. आज लिलावात ज्या गाडीभोवती गर्दी होते, तिच्याकडे तेव्हा गिऱ्हाईक वळतच नव्हतं. शेवरोलेचीच १९६९ ची झेडएल-१ कमॅरो घ्या: अॅल्युमिनियमचं ४२७, एकूण ६९ गाड्या, ४७ चार गिअरच्या आणि २२ ऑटोमॅटिक. एकट्या इंजिनाचे ४,१६० डॉलर, म्हणजे गाडीची किंमत सात हजारांच्या पुढे. त्यातल्या ५० इलिनॉयमधल्या ला हार्प गावच्या फ्रेड गिब या डीलरने मागवल्या होत्या. किंमत पाहून गिऱ्हाइकं परतली आणि बऱ्याचशा गाड्या कंपनीने परत घेऊन इतर डीलरांकडे पाठवल्या. १९७० च्या हेमी इंजिनाच्या कुडा (बाराकुडा) कन्व्हर्टिबल १४, त्यात चार गिअरच्या ५. पाँटिअॅकच्या जीटीओ जज कन्व्हर्टिबल १९६९ मध्ये १०८, १९७० मध्ये १६८, १९७१ मध्ये १७. त्या १७ का निघाल्या, हे त्या वर्षीच्या विम्याच्या हप्त्यांना विचारावं.

६ एप्रिल, शनिवार

काकांना क्लच बदलायचाच होता, म्हणून गिअरबॉक्स खाली उतरवला. एका मित्राची लिफ्ट, आम्ही तिघं, आणि काका सूचना द्यायला.

केस मन्सीचीच, कास्टिंग ३९२५६६१. उजव्या बाजूचा शिक्का काळ्या ग्रीसखाली होता: पी१डी२२बी. पी म्हणजे इंडियानातला मन्सी कारखाना, १ म्हणजे १९७१, डी म्हणजे एप्रिल, २२ तारीख. गाडीचा सांगाडा एप्रिल १९७० चा. गिअरबॉक्स गाडीपेक्षा वर्षाने धाकटा.

आणि शेवटचं अक्षर बी. ए म्हणजे एम-२०, बी म्हणजे एम-२१, सी म्हणजे एम-२२. केस नंतर बदलली असेल, आत एम-२२ चे गिअर असतील, अशी आशा मलाही होती. ती इनपुट शाफ्टने मोडली. स्प्लाइनच्या दात्यांवरून नखाने ओढत गेलो: आडवी गोल खाच, एक. दोन खाचा असत्या तर एम-२०, एक म्हणजे एम-२१, बिनखाचेचा एम-२२. काकांचं बोट धरून त्या खाचेवरून फिरवलं.

"पण आवाज?" काका म्हणाले. "रॉक क्रशर किरकिरतो, तसाच हा किरकिरतो."

किरकिरतो खरा. एम-२२ च्या दात्यांचा तिरकेपणा कमी असतो. सरळ दाते जास्त भार सोसतात, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने रेटा कमी देतात, पण एकमेकांत सरकत न जाता आपटत जातात म्हणून गातात. गिअर डिझाइन हे माझं एकवीस वर्षांचं पोटापाण्याचं काम, त्यामुळे इथे जीभ जरा सैल सुटली. एम-२१ चे गुणोत्तर तेच, पहिला गिअर २.२०, चालवून फरक कळणारच नाही. मग पुढचं बेअरिंग हाताने फिरवून दाखवलं. वाळूत चमचा फिरवावा तसं खरखरलं.

काका बराच वेळ गप्प. मग मित्राला म्हणाले, "बेअरिंग कितीला येतं?"

८ एप्रिल

सूर्यग्रहण. सगळं ऑफिस टोलेडोकडे पळालं, मीही. तीन मिनिटंही अंधार नव्हता, परतीच्या वाटेवर चार तास.

९ एप्रिल, गुढीपाडवा

काकांकडे जेवायला. श्रीखंड झाल्यावर मीच विषय काढला: "काका, फ्रेम उघडायची का?" काकू म्हणाल्या, "एकदाची उघडा. मागची धूळ तरी पुसता येईल."

मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला. कागद हातात आला तेव्हा कळलं, वरचा इंचभर भाग इतकी वर्षं माउंटखाली दडलेला होता. तिथेच गाडीचा अनुक्रमांक छापलाय. त्यावर टाकीच्या पट्ट्याचा गंज उतरलेला. शेवटचा आकडा ७ असावा असं वाटलं. काकांनी लगेच मान हलवली, "सात, सात."

परवानगी घेऊन कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून घरी आणला.

१३ एप्रिल

कागद बाजूला ठेवून गाडीलाच विचारलं. गालिचा उचलला.

चार गिअरच्या शेव्हेलमध्ये कारखाना फरशीचा पत्रा ओबडधोबड कापायचा आणि वर गिअर लिव्हरसाठी पत्र्याचा उंचवटा स्पॉट वेल्डने बसवायचा. इथला उंचवटा सलग वेल्डने जोडलाय, मिग वेल्डिंगचे टाके मोजता येतात. खालचा पत्रा करवतीने नीट सरळ कापलेला. हे काम कारखान्याचं नाही. इतकं नेटकं काम कारखान्यात करायला वेळच नव्हता.

फायरवॉलमध्ये क्लचच्या दांड्याचं भोक ड्रिलने पाडलेलं, कडा गंजलेल्या. रेडिएटरच्या खालच्या टाकीला ऑटोमॅटिकचं तेल थंड करणाऱ्या नळ्यांची दोन तोंडं, पितळी बूच मारून बंद. पुढचं सीट सलग बाकासारखं. आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर, जिथे कॉलम शिफ्टची दांडी असते तिथे, कुणीतरी रबरी बूच बसवलंय. काकांना ते पहिल्यापासून माहीत होतं. ते त्याच्यावर चष्म्याची दोरी अडकवतात.

म्हणजे ही गाडी ४५० हॉर्सपॉवरची, बाकाच्या सीटची, कॉलमवर ऑटोमॅटिक. बॉनेटवरचे पट्टे झाकले तर कुणी म्हणेल आजीबाईंची गाडी. अशी कुणी मागवली असेल? आडव्या डोक्याचा कुणीतरी. मला तो माणूस आवडला.

१४ एप्रिल

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद. दिवे बंद, टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी. छापलेली शाई कागदावर सपाट बसते. गंज कागदाच्या धाग्यांत शिरतो आणि तिथे कागद किंचित फुगतो. सातच्या माथ्यावरची आडवी रेघ फुगलेली आहे. खालची उभी रेघ सपाट. रेघ गंजाची.

आकडा ७ नाही, १ आहे.

शीट काकांच्या गाडीची नाही. रांगेत तिच्या सहा नंबर पुढे असलेल्या गाडीची आहे. असं घडतं, शीट रांगेतल्या शेजारच्या गाडीत राहून गेल्याची उदाहरणं या छंदात सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे ब्लॉक खरं बोलत होता, कागदही खरं बोलत होता. फक्त दुसऱ्या गाडीबद्दल.

१९९३ पासून भिंतीवर दुसऱ्याच्या पोराचा जन्मदाखला.

२० एप्रिल

काकांना सांगितलं. फोनवर नाही, घरी जाऊन. फोटो दाखवले, टॉर्चही बरोबर नेली होती. त्यांनी स्वतः कागद आडवा धरून पाहिला, चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला.

"म्हणजे एम-२२ त्या गाडीत होता."

"इंजिन हाताच्या गिअरवाल्या गाडीचं होतं, एवढं या कागदावरून नक्की. गिअरबॉक्सच्या चौकटीत छिद्र पडलंय."

"मग एम-२२ कुणी म्हटलं?"

ते मला डाव्या पानावर सापडलं. १९७८ मध्ये विकणाऱ्याने म्हटलं होतं. शीट सापडली तेव्हा काकांनी तिच्यात तेच वाचलं, आणि मग तेच शीटने सांगितलं असं झालं.

काकू आतून म्हणाल्या, "बरं झालं. त्या किरकिरीचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते."

काकांनी चहा संपवून विचारलं ते अनपेक्षित होतं: "त्या गाडीचं काय झालं असेल रे?"

११ मे

मधे दुसरं काम. एका गृहस्थांची १९७० ची रोड रनर, क्रायस्लरच्या प्लिमथची. पुढच्या मडगार्डाच्या आतली पट्टी खालून वर वाचायची: पहिली जोडी ई८७ डी२१, म्हणजे ४४० सिक्स बॅरल इंजिन आणि चार गिअर. नंबरात व्ही, पट्टीवर व्ही, ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर तोच अनुक्रमांक. मागे डेना ६० अॅक्सल, तो या जोडीबरोबर यायलाच हवा. दोन तासांत काम संपलं. मालक जरा हिरमुसला, एवढ्यातच कसं झालं म्हणून.

शेव्हेलच्या जोडगाडीचा शोध सुरू आहे. एलएस-६ बाळगणाऱ्या ओळखीच्या चौघांना शीटचा फोटो पाठवला, अनुक्रमांकाचे मधले आकडे झाकून. पूर्ण नंबर उघड केला तर उद्या त्या नंबराची गाडी 'सापडायला' वेळ लागणार नाही. जो स्वतःहून झाकलेले आकडे सांगेल त्याच्याशीच पुढे बोलायचं. आतापर्यंत दोन फोन. एकाने अंदाज केला, चुकला. दुसऱ्याला कागद विकत हवा होता, गाडी नव्हतीच.

१ जून

क्लच बसला, दोन्ही बेअरिंगं बदलली. काका, मी आणि गाडी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर बर्मिंगहॅमपर्यंत. गिअरबॉक्स आता बोलत नाही. फक्त सॉलिड लिफ्टरची टकटक. तिसऱ्या गिअरला काकांनी पाय दाबला, आणि माझा फोन मांडीवरून मागच्या सीटवर.

सिग्नलला थांबल्यावर विचारलं, परत ऑटोमॅटिक बसवायचा का? मूळचा टर्बो ४०० (एम-४०) मिळणार नाही, पण त्या वर्षाचा मिळेल. काकांनी डाव्या पायाकडे पाहिलं. "शेहेचाळीस वर्षं हा पाय कामाला आहे. आता त्याला बसवून काय करू?"

घरी आल्यावर तक्ता भरला.

इंजिन: एलएस-६, सीआरआर, मूळचं, शिक्का अस्सल.
गिअरबॉक्स, मूळचा: एम-४० टर्बो हायड्रामॅटिक, कॉलमवर, गाडीत नाही.
गिअरबॉक्स, सध्याचा: मन्सी एम-२१, एप्रिल १९७१, बदल १९७८ पूर्वीचा.
बिल्ड शीट: या गाडीची नाही. अनुक्रमांक सहाने कमी. मालक मिळाल्यास देणे.

शेवटची ओळ काकांनी सांगितली तशी लिहिली. खाली मराठीत सही केली, मग म्हणाले विमावाल्यांना वाचता येणार नाही, आणि शेजारी इंग्रजीत पुन्हा केली. विचारलं, ओडोमीटर लिहिलास का? राहिलाच होता. खाली गेलो, पाहून आलो: ८८,४१२ मैल.